वाडींत ऊन येऊं द्या

(डहाणू-बोईसर भागांतील चिकूचें पीक व त्याचे रोग)

बाजारांतून चांगले निवडून, दाबून पाहून डझनभर चिकू आणावे. तांदळाच्या डब्यांत दोन दिवस ठेवून ते पिकवावे. आणि जेवणानंतर सुरी घेऊन कापावयास बसावें, तों एखाद्याची बी भुगा होऊन हातांत यावी, हा अनुभव आमच्या गृहिणींना नवा नाहीं. मुलें "अळी, अळी" म्हणून पाटावरून उठतात. वडील मंडळी "हल्लींच्या फळांत पूर्वीची चव राहिली नाहीं" असें म्हणून मोकळी होते. आणि तो चिकू केराच्या टोपलींत जातो. घरापुरता प्रश्न तेथें संपतो. परंतु ज्या वाडींतून तें फळ आलें, तेथें तो संपत नाहीं. त्या चिमूटभर भुग्यापायीं तेथें बापलेकांत वाद होतात, आणि तीन पिढ्यांची झाडें ठेवावींत कीं तोडावींत, असा प्रश्न पडतो.

माझ्या मामांची चिकूची वाडी वाणगांव आणि चिंचणी यांच्या दरम्यान आहे. पश्चिम रेल्वेची गाडी पालघर सोडून निघाली, कीं उमरोळी, बोईसर, वाणगांव, डहाणू रोड, घोलवड अशीं स्टेशनें ओळीनें लागतात. रुळांच्या पूर्वेस डोंगर आणि वारली लोकांचे पाडे. पश्चिमेस समुद्रापर्यंत सखल, सपाट जमीन. बोईसरला कारखान्यांचीं धुराडीं दिसतात. तारापूरला १९६९ सालापासून अणुशक्तीवर वीज तयार होत आहे. आणि या साऱ्या नव्या खटाटोपाच्या शेजारीं चिकूच्या गर्द वाड्या उभ्या आहेत. गेल्या भाद्रपदांत मी मामांकडे गेलों, तेव्हां घरांत एक वाद चालू होता. धाकटा मामेभाऊ शेतकीचा पदवीधर. त्याचें म्हणणें असें कीं, वाडींतील एकाआड एक झाड काढून टाकावें. मामांचें म्हणणें, "आजोबांनीं लावलेल्या झाडावर माझ्या हयातींत कुऱ्हाड पडणार नाहीं." मामी दोघांच्याही पानांत वाढीत होत्या आणि कोणाचीच बाजू घेत नव्हत्या. हा वाद कशांतून निघाला हें नीट समजून घेतलें, तर फळबागेच्या आरोग्याचें बरेंचसें रहस्य हातीं येतें. म्हणून तो वाचकांपुढें मांडतों.

दूरदेशचा पाहुणा

चिकू आतां आपल्या घरचाच झाला आहे; पण तो मूळचा मेक्सिकोचा दक्षिण भाग व मध्य अमेरिका येथील रहिवासी. त्याच्या खोडाला चीर दिली म्हणजे पांढरा चीक येतो. त्या चिकाला तिकडे 'चिकल' म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकनांनीं त्याच चिकापासून चघळावयाच्या गोळ्यांचा मोठा धंदा उभारला. स्पॅनिश लोकांनीं हें झाड फिलिपाईन्स बेटांत नेलें व पुढें तें आशिया खंडांत पसरलें. भारतांत त्याची पहिली लागवड घोलवड येथें १८९८ सालीं झाली, असें उद्यानविद्येच्या पुस्तकांतून दिलेलें असतें. कांहीं असो, घोलवड-डहाणूच्या मातीनें या पाहुण्याला असें आपलेंसें केलें, कीं २०१६ सालीं 'डहाणू घोलवड चिकू' या नांवाला भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०२१ सालीं हें मानांकित फळ इंग्लंडला रवाना झालें.

येथील मुख्य जात कालीपत्ती. पानें गडद हिरवीं, फळ लांबट-गोल, गर गोड व मऊ, आणि बिया थोड्या. कलम बांधतात तें रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या रोपावर. कारण रायण सावकाश वाढते, पण दीर्घायुषी असते. शिफारस अशी कीं दोन झाडांत दहा मीटर, म्हणजे सुमारें तेहतीस फूट अंतर असावें. एकरीं चाळीस झाडें. लावणीच्या वेळीं हीं चाळीस रोपें एकरभर जागेंत हरवल्यासारखीं दिसतात, आणि पुष्कळांना त्यांच्या मधोमध आणखी एकेक रोप घालण्याचा मोह होतो. मामांच्या आजोबांनाही तो झाला होता. पंचवीस-तीस वर्षांनीं फांद्या एकमेकींत शिरतात, आणि वाडींत भर दुपारीं दिवेलागणीसारखा अंधार पडतो. आम्ही पाहुणे त्यालाच 'किती गार सांवली!' असें म्हणतों. झाडाच्या दृष्टीनें तो कारावास असतो.

बियेंत शिरणारा चोर

चिकूवर किडी पूर्वीही होत्या. कोंवळीं पानें जाळ्यानें गुंडाळून खाणारी अळी आहे, कळ्या पोखरणारी आहे. पण त्यांचें नुकसान झाडावर दिसे व मनुष्य सावध होई. सन २००० च्या सुमारास जी नवी अळी या भागांत लक्षांत आली, ती मात्र खरी कपटी. तिला बी पोखरणारी अळी असें म्हणतात. एक लहानसा पतंग फळावर अंडें घालतो. अंड्यांतून निघालेली अळी केसाएवढ्या छिद्रानें फळांत शिरते आणि थेट बियेपर्यंत जाऊन तिचा मगज खाऊं लागते. बाहेरचें छिद्र भरून येतें. फळ वाढतें, रंग धरतें, देठाशीं घट्ट राहतें. तोडणारालाही कांहीं शंका येत नाहीं. पूर्ण वाढलेली अळी मग बियेंतून गरांत व गरांतून बाहेर अशी वाट काढते, पानाच्या घडींत कोष करिते आणि तेथून पुन्हां पतंग निघतो. म्हणजे आपण घरीं जो भुगा पाहतों, तो चोरी होऊन गेल्यानंतरचा पंचनामा होय.

"मग औषध मारा," असें आपण सहज म्हणूं. अडचण येथेंच आहे. आंब्याला मोहोर एकदां येतो व फळ एकदां उतरतें. चिकूचें तसें नाहीं. त्याच्या एकाच फांदीवर एकाच वेळीं कळ्या, फुलें, सुपारीएवढीं फळें आणि उतरावयास आलेलीं फळें असतात. कारण फूल लागल्यापासून फळ तयार होण्यास सात ते दहा महिने लागतात आणि बहर जवळ जवळ वर्षभर चालू राहतो. अळी फळाच्या आंत सुरक्षित असतांना विषारी औषध फवारलें, तर तें अळीला लागत नाहीं. आठवड्यानें बाजारांत जाणाऱ्या फळाला मात्र लागतें. तें फळ आपल्याच मुलांच्या हातांत येणार. शिवाय फवारा उडविणाराच्या अंगावर उडतो. आमच्या वाड्यांतून हें काम बहुधा वारली मजूर करितात; तोंडाला फडकें, हातांत मोजे आणि काम संपल्यावर आंघोळीला पुरेसें पाणी, एवढी तरतूद मालकानें केलीच पाहिजे. ती पुष्कळ ठिकाणीं होत नाहीं, हें सांगावयास संकोच वाटतो. पण सांगितलें पाहिजे.

पावसांतला शत्रु

दुसरा रोग याहून जुना व पावसाळी. आषाढ-श्रावणांत आठ आठ दिवस झड लागली, सूर्याचें दर्शन नाहीं, अशा वेळीं फळांवर पाण्यानें भिजल्यासारखे डाग दिसतात, वर पांढरी बुरशी येते, आणि सकाळीं झाडाखालीं फळांचा सडा पडलेला असतो. या बुरशीसारख्या जीवाचें शास्त्रीय नांव फायटोप्थोरा. त्याचें कूळ मोठें कुप्रसिद्ध आहे. १८४५ सालापासून आयर्लंडांत बटाट्याचें पीक नासून जो भयंकर दुष्काळ पडला, तो याच कुळांतील एका भावंडानें घडविला. आपल्या दक्षिणेकडील सुपारीचा कोळेरोग आणि केळवे-माहीमच्या पानमळ्यांत वेल कुजविणारा रोग हीही त्याचीच करणी.

या शत्रूची एक खोड ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्याच्या बीजाणूंना पाण्यांत पोहतां येतें. पानावर किंवा फळावर पाण्याचा पातळसा पापुद्रा कांहीं तास टिकला, कीं त्यांचें काम झालें. म्हणून जेथें पानें लवकर वाळतात तेथें रोग हटतो, आणि जेथें दिवसभर ओल निथळत राहते तेथें तो माजतो. पाऊस थांबविणें कोणाच्याच हातीं नाहीं. पण पाऊस उघडल्यावर पान किती वेळांत वाळावें, हें पुष्कळ अंशीं माळ्याच्या हातीं आहे.

मोरचूद आणि चुना

या जातीच्या रोगांवर जें औषध आजही वापरांत आहे, त्याची जन्मकथा गमतीची आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतांत रस्त्यालगतचीं द्राक्षें चोरांनीं खाऊं नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद व चुन्याचें निळसर पाणी शिंपडीत. तें विषारी दिसे व चोर दूर राहत. मिलार्दे नांवाच्या प्राध्यापकाच्या नजरेस आलें कीं, शिंपडलेल्या वेलींचीं पानें केवड्या रोगांतून वांचलीं आहेत. त्यानें प्रयोग केले आणि १८८५ सालीं तें मिश्रण जगापुढें मांडलें. पुढें १९१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानांत कोलमन या शास्त्रज्ञानें त्याच मिश्रणानें सुपारीचा कोळेरोग आटोक्यांत आणून दाखविला.

तें तयार करणें सोपें आहे. पण आळशाचें काम नव्हे. एक टक्का मिश्रणासाठीं एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यांत विरघळवावा. एक किलो कळीचा चुना निराळ्या भांड्यांत विरवून, गाळून त्याचें पन्नास लिटर पाणी करावें. भांडीं लाकडाचीं, मातीचीं किंवा प्लास्टिकचीं असावींत, लोखंडाचीं नसावींत. मग दोन्ही द्रव एकाच वेळीं तिसऱ्या भांड्यांत ओतीत जावे व काठीनें ढवळावे. शेवटीं चाकूचें स्वच्छ पातें क्षणभर त्यांत बुडवून पाहावें. पात्यावर तांबूस पुट चढलें, तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. नाहीं तर पानें करपतात. मिश्रण ज्या दिवशीं केलें त्याच दिवशीं संपवावें. हें औषध रोग होऊं नये म्हणून आहे. झालेला रोग तें बरा करीत नाहीं. म्हणून पहिली फवारणी पावसाच्या तोंडाशीं झाली पाहिजे. फळें पडूं लागल्यावर धांवाधांव करणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें होय.

वादाचें मूळ

हें सारें मामांना ठाऊक होतें. मोरचूद ते दर वर्षीं आणीत. तरीही फळगळ थांबत नव्हती व अळी हटत नव्हती. मामेभाऊ मला वाडींत घेऊन गेला. त्यानें फारसें व्याख्यान दिलें नाहीं. पाऊस उघडून दोन तास झाले होते. वाडीच्या कडेच्या ओळींत, जेथें बांधाकडून वारा येतो, तेथें पानें कोरडीं होतीं. आंत तिसऱ्या-चौथ्या ओळींत गेलों, तर पानांतून अजून टपटप पाणी गळत होतें. पायाखालीं कुजलेल्या पानांचा व सडलेल्या फळांचा थर, आणि वास. फवाऱ्याचें नळकें वर धरलें तरी तुषार शेंड्यापर्यंत पोंचत नाहींत, असें तो म्हणाला. मध्येंच एक पडलेलें फळ उचलून त्यानें फोडलें. आंत अळी होती. "औषध चांगलें आहे, पण तें पोंचतच नाहीं. ह्या कचऱ्यांत पुढच्या वर्षाचे पतंग निजले आहेत," एवढेंच त्याचें म्हणणें.

त्याच्या मतें उपाय तीन. पहिला, दर आठवड्यास पडलेलीं फळें व पाला गोळा करून खोल खड्ड्यांत पुरणें. दुसरा, दाटी कमी करणें: आंत वाढलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून झाडाच्या पोटांत ऊन शिरेल असें करणें, कापलेल्या जागीं मोरचूद-चुन्याचें दाट मलम लावणें, आणि जेथें अगदीं इलाज नाहीं तेथें मधलें झाड काढणें. तिसरा उपाय शेजाऱ्यांचा. पतंगाला सातबारा वाचतां येत नाहीं. एका वाडींत निपजलेला दुसरींत जातो. ज्यांचे मालक मुंबईस असतात आणि फळें झाडावरच उक्तीं विकलेलीं असतात, त्या वाड्यांत घेणारा चांगलें फळ तेवढें उचलतो व किडकें तेथेंच टाकतो. म्हणून एकट्यानें केलेली सफाई अर्धीच फळते. पाखाडीनें मिळून केली, तरच ती पूर्ण.

मामांचा पक्षही पोरकट नव्हता. झाड सावकाश वाढणारें. आज कापलेली फांदी भरून येण्यास वर्षें जातात. तीस वर्षांचें सुदृढ झाड वर्षाला दोन-तीन हजार फळें देऊं शकतें. तें काढलें तर तेवढी आवक त्याच दिवशीं बुडते, आणि उरलेल्या झाडांनीं ती भरून काढीपर्यंत घर कशावर चालवावयाचें? शिवाय त्यांच्या मनांत आणखी एक सल होता. वाडी खालावण्याचें कारण ते धुरांत पाहत. तो संशय सर्वस्वीं निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. या भागांतील बागाईतदारांची तक्रार जुनी आहे. १९९१ सालीं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक म्हणून जाहीर झाला. तरीही १९९५ मध्यें डहाणूस कोळशावरील वीजकेंद्र सुरू झालें, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ सालीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं तालुक्यासाठीं निराळें प्राधिकरण नेमावें लागलें. २०२४ सालीं वाढवण येथें मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. आतां जमिनीला कोण काय भाव देईल याच गोष्टी चावडीवर चालतात. अशा वेळीं झाडें तोडणें म्हणजे वाडी मोडण्याचा आरंभ करणें, असें म्हाताऱ्याला वाटलें तर त्यांत नवल कसलें?

तरीही मला मामेभावाचें म्हणणें अधिक पटलें. धुराचा न्याय स्वतंत्रपणें झालाच पाहिजे व त्यासाठीं भांडलेंही पाहिजे. पण धुराचें कारण पुढें करून झाडाखालचा कचरा तसाच राहूं देणें, हें शेजाऱ्याच्या अपराधाबद्दल आपल्याच घराला उपाशी ठेवण्यासारखें आहे. जें आपल्या हातीं आहे, तें आधीं.

नवा पाहुणा

मोकळ्या झालेल्या जागेंत मामेभावास पॅशन फ्रूटचे वेल लावावयाचे होते. हें फळ म्हणजे आपल्या कृष्णकमळाचें सख्खें भावंड. ज्या फुलांत आपल्या बायका शंभर कौरव व पांच पांडव मोजून दाखवितात, त्याच घराण्याचें. "कृष्णकमळाचें फळ खावयाचें?" म्हणून मामी हंसल्या, पण त्याचा आंबट-गोड रस सरबताला फार चांगला. आपल्याकडे कोडगू, निलगिरी, मणिपूर, नागालँड, मिझोराम येथें त्याची लागवड आहे. जांभळी जात थंड डोंगराळ हवेची. उष्ण किनाऱ्यावर पिवळी अधिक टिकते.

पण या पाहुण्यासही त्याच अटी लागू. पाणी सांचलें, कीं त्याचें मूळ व बुंधा कुजून वेल मरतो. म्हणून उंच वरंब्यावर लावणी, आणि जांभळी जात हवीच असेल तर पिवळीच्या मुळावर कलम. फळ लाकडासारखें टणक करणारा एक रोग आहे. त्याचा प्रसार मावा करितो व त्याला औषध नाहीं. तो वेल उपटून काढणें, कात्री दर वेळीं स्वच्छ करणें, एवढाच उपाय. आणि गंमत अशी, कीं पिवळ्या वेलाचें फूल आपल्याच परागानें फळत नाहीं. दुसऱ्या वेलाचा पराग मोठे काळे भुंगे आणून देतात. जो मनुष्य चिकूवर बेसुमार विष मारील, तो भुंगेही मारील. मग मांडवावर नुसतीं फुलें पाहावींत. म्हणजे नवें पीक आणून जुन्या संवयींतून सुटका होत नाहीं. रोग झाडाबरोबर येतो त्यापेक्षां माळ्याच्या संवयीबरोबर अधिक येतो.

शेवटीं काय झालें?

वाद मामींनीं मिटविला. "सगळी वाडी राहूं द्या. पाऊस सरला म्हणजे एक ओळ त्याच्या हातीं द्या, बाकीच्या तुमच्या. दोन वर्षांनीं मी दोन्हींकडचीं फळें मोजीन," असें त्या म्हणाल्या. मामांनीं उत्तर दिलें नाहीं. पण आमच्या घराण्यांत वडिलांनीं उत्तर न देणें म्हणजे संमति असते.

कार्तिकांत पुन्हां तिकडे जाण्याचा योग आला. एका ओळींतील झाडांच्या आंतल्या फांद्या उतरल्या होत्या. कापांवर निळें मलम दिसत होतें. एकही झाड मुळापासून काढलेलें नव्हतें. तेवढें मामांनीं राखलें होतें. पाला भरण्यासाठीं खड्डा खणलेला होता, आणि शेजारच्या दोन वाडीवाल्यांनीं त्यांतच आपलीं किडकीं फळें आणून टाकण्याचें कबूल केलें होतें. फळ वाढलें कीं नाहीं, तें मामींच्या मोजणीनंतरच कळेल. मात्र त्या ओळीखालीं, जेथें कित्येक वर्षें गवताची काडी उगवली नव्हती, तेथें कोंवळें हिरवें गवत वर आलें होतें, आणि मामा काठी टेकून त्याकडे पाहत उभे होते.

वाचकभगिनींस एक सांगणें. चिकू घेतांना त्याच्या सालीवर नखानें हलकेंच ओरखडा काढून पाहावा. आंत हिरवें दिसलें तर फळ कोंवळें, पिवळसर दिसलें तर तयार. आणि कधीं बी पोखरलेली निघालीच, तर "हल्लींच्या फळांत राम नाहीं" असें मुलांना सांगूं नये. ती बी त्यांच्यापुढें ठेवून ही अळी कोठून आली, ती कशी जगते आणि कोणत्या वाडींत ऊन पोंचलें नाहीं, हें त्यांना सांगावें.